आधी मारायचं, मग धुवायचं

प्रयोगवहीत एक पान रेघांचं असतं आणि समोरचं कोरं. रेघांवर मुलं प्रयोग लिहितात, कोऱ्यावर आकृती काढतात. सगळ्या प्रयोगांना आकृती नसते. माझ्या मुलीच्या तीन वर्षांच्या वह्या घरात पडून आहेत, आणि त्यांत कोरी पानं पुष्कळ उरली आहेत. त्या पानांवर मी हे लिहिते आहे.

मी चौथी शिकले. वडिलांची मेंढरं होती. दिवाळी झाली की इंदापूरकडचं आमचं गाव सोडून कळप कोकणाच्या वाटेला लागायचा. चौथीनंतर मीही कळपामागं गेले आणि शाळा तिथंच राहिली. मराठी मला चांगलं वाचता येतं. इंग्रजी अक्षरं ओळखू येतात, शब्द लावता येत नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्याचाच आडोसा घेतला.

मुलगी बारावी झाली तेव्हा तिला बी.एस्सी. करायची होती, आणि तीही सूक्ष्मजीवशास्त्रात. तिचे वडील गावाकडं ऊस सांभाळत राहिले. आम्ही दोघी बारामतीला, जळोचीत एका खोलीत राहायला आलो. मी काम शोधलं. ठेकेदारानं मला कॉलेजात सफाईला लावलं, आणि नेमकं तिच्याच विभागात. प्रयोगशाळा झाडायची, फरशी पुसायची, काचेची भांडी धुवायची.

तिला सांगितलं तेव्हा ती जेवत होती. घास हातातच राहिला.

"दुसरी बिल्डिंग माग की."

"मागितली. न्हाय म्हणाला."

"मग तितं मला हाक मारायची न्हाय. मी पण न्हाय मारणार."

"आन कुणी इचारलं तर?"

"कोण इचारतंय? झाडणारीला कुणी इचारत न्हाय तुला पोरं किती."

खरंच कुणी विचारलं नाही. मी अर्धा तास आधी चालत निघायचे, ती मागून सायकलवर यायची आणि मला ओलांडून जायची. पहिल्याच आठवड्यात ती सगळ्या मुलींसारखी मला म्हणाली, "मावशी, एक बीकर द्या ना." मी म्हटलं, "देते ताई." दोघींचंही काही चुकलं नाही. मला त्या दिवशी थोडं बरंच वाटलं, की जमलं बाई आपल्याला.

काम मला तात्यांनी शिकवलं. तात्या म्हणजे तिथले जुने प्रयोगशाळा सहायक, निवृत्तीला आलेले. पहिल्या दिवशी टेबलावरच्या जंतूंच्या काचेच्या बशा उचलून मी नळाखाली धरल्या. तात्यांनी धावत येऊन नळ बंद केला.

"अगं बये, जित्या बशा धुतीस व्हय?"

"मग?"

"आधी मारायचं, मग धुवायचं."

मारायचं म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये घालायचं. ऑटोक्लेव्ह म्हणजे कमरेएवढा उंच कुकर. झाकणाचे स्क्रू समोरासमोरचे पिळायचे, वाफ धरली की काट्याकडं बघत बसायचं. काटा पंधरावर आला की तिथून वीस मिनिटं मोजायची. "ह्यातनं जितं कायबी भायेर येत न्हाय," तात्या म्हणायचे. झाकण उघडलं की जत्रेच्या मटणासारखा वास यायचा. ज्यावर जंतू वाढवतात ते आगर शिजून पातळ झालेलं असायचं. ते ओतून टाकायचं, मग साबण, मग नळ, मग शेवटी यंत्रातलं शुद्ध पाणी. शनिवारी हे काम. टाकायच्या प्लेटा, म्हणजे त्या बशाच, सगळे टेबलाखालच्या लाल बादलीत ठेवायचे. बादलीत असेल ते मारायचं, बादलीबाहेरच्याला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम होता.

परीक्षानळ्यांच्या तोंडाला कापसाचे बोळे लागतात. मुलांना ते जमायचे नाहीत, एक तर घट्ट नाही तर सैल. मी देवाच्या वाती वळणारी बाई. माझे बोळे इतके चांगले व्हायचे की विभागाच्या मॅडमनी एकदा वर्गाला दाखवले. माझी मुलगी तेव्हा दुसऱ्या बाकाजवळ उभी होती. तिनं बोळा हातात घेतला, फिरवून बघितला आणि पुढच्या मुलीकडं दिला.

घरी मात्र ती मला सगळं सांगायची. मी भाकरीचं पीठ परातीत घेतलं की ती बोटानं त्या पिठावर रेघा ओढून दाखवायची. आधी एका कोपऱ्यात घट्ट रेघा, मग परात फिरवून त्यांतूनच ओढलेल्या थोड्या, मग अजून थोड्या. "शेवटच्या रेघंत एकेकटा जंतू सुटा पडतो. मग त्याची वेगळी वसाहत वाढती." मी विचारायचे, "येकटा का पाडायचा त्याला?" ती म्हणायची, "एकटा पडल्याबिगर कळत न्हाय कोण हाय ते." मी त्या पिठात पाणी घालून भाकरी थापायचे. ती प्रश्न विचारायची आणि चुकलं की हसायची. ती लहान असताना पाढे चुकले की मी तिला चिमटा काढायचे, दंडाला, आतल्या बाजूनं. ती हसायची त्यात तो चिमटाही असावा.

तिसऱ्या वर्षाला तिला प्रकल्प करायचा होता. आमच्याच उसाच्या मुळाजवळची माती तिला हवी होती. दिवाळीला गावी गेलो तेव्हा मीच खुरप्यानं उकरून पिशवीत भरून दिली. त्या मातीत एक जंतू असतो, तो जमिनीत अडकून बसलेलं खत विरघळवून मुळांना देतो. तो तिनं शोधून काढला. त्याच्यासाठी वेगळं आगर लागायचं, पांढरं, खरवसासारखं. त्यावर तो वाढला की त्याच्याभोवती पांढरं विरघळून काचेसारखी गोल जागा तयार व्हायची. प्लेटा उबेला ठेवायचं इनक्युबेटरचं कपाट पुसताना मी काचेतून बघायचे. सहा प्लेटा होत्या. खरवसावर पाण्याचे थेंब पडावेत तशा त्या गोल जागा रोज थोड्या मोठ्या व्हायच्या.

मॅडम तिला म्हणाल्या होत्या की हे काम नीट पूर्ण केलंस तर पुण्याच्या एका संस्थेत उन्हाळ्यात तुला पाठवते. तिथं एकदा पाय ठेवला की एम.एस्सी.चं सोपं. विभागातून एकीलाच पाठवायचं होतं. ती रात्रंदिवस पुणं पुणं करत होती. मीही करत होते. वडिलांनी सांगून ठेवलं होतं की बी.एस्सी. झाली की स्थळ बघायचं. पुण्याचं झालं असतं तर ते गप्प बसले असते.

"प्लेटा वाळल्या तर गं?" मी एकदा विचारलं.

"वाळू दे. स्लांट हायेत की." स्लांट म्हणजे तिरपं आगर गोठवलेल्या नळ्या. त्यात तोच जंतू जपून ठेवायचा, बियाण्यासारखा. "फ्रिजात मागं ठेवल्यात. चार. लाल दोरा बांधलाय, तात्यांना कळावं म्हणून."

तो दोरा माझ्या शिवणाच्या डब्यातला होता.

फेब्रुवारीच्या शेवटी कॉलेजात विज्ञान प्रदर्शन असतं. आसपासच्या शाळांची मुलं बघायला येतात. त्या वर्षी मॅडमना सुचलं की हात धुण्याचं महत्त्व दाखवायचं. पाच जणांचे हात घ्यायचे: एक विद्यार्थिनी, एक शिक्षक, एक कारकून, कँटीनवाला आणि सफाईवाली. प्रत्येकाची बोटं आधी न धुता एका प्लेटवर टेकवायची, मग हात धुऊन दुसऱ्या प्लेटवर. दोन दिवसांनी काय वाढतं ते शेजारी शेजारी मांडायचं. हे काम तिसऱ्या वर्षाच्या मुलींकडं होतं, म्हणजे माझ्या मुलीकडंही.

आदल्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, "उद्या तुझा हात घेणार हायेत."

तिच्या तोंडाकडं बघून मला कळलं की तिला लाज वाटते आहे, आणि ती लाज माझ्या हाताची आहे. सकाळी मी राखेनं हात घासले, मग साबणानं, नखांत काडी घालून. सहा वेळा धुतले. न धुतलेला हात द्यायचा होता, पण मी काय तसा देणार होते?

प्रयोगशाळेत सगळ्या उभ्या होत्या. मुलीनं हातमोजे घातले होते. पहिल्या प्लेटवर तिनं माझी चार बोटं टेकवली. मग मॅडम म्हणाल्या, "मावशी, आता स्वच्छ धुऊन या." मी बेसिनवर गेले, त्यांनी सांगितलं तसं बोटांच्या मधून, मनगटापर्यंत धुतलं. नळ बंद केला, वळले, आणि चालता चालता हात पदराला पुसले.

मला कळलंसुद्धा नाही. आमच्यात हात धुतला की पदराला जातोच. लेकराचं तोंड पुसायचं तर पदर, तवा उतरवायचा तर पदर, डोळ्यात काही गेलं तर पदराचा बोळा फुंकून गरम करून लावायचा. त्या पदरानं सकाळपासून मी दोन खोल्यांची टेबलं पुसली होती.

बाकीच्या मुली प्लेटांवर नावं घालत होत्या. बघितलं ते फक्त माझ्या मुलीनं. तिची नजर पदरावर आली, तिथं थांबली, मग माझ्या तोंडावर आली. एक शब्द बोलली असती तर मी परत धुतले असते. तिनं माझं मनगट धरलं आणि बोटं दुसऱ्या प्लेटवर दाबली.

दोन दिवसांनी प्लेटा बाहेर काढल्या. सगळ्यांच्या धुतल्यानंतरच्या प्लेटा कमी भरल्या होत्या. माझी न धुतलेली जवळजवळ कोरी होती, आणि धुतलेली पांढऱ्या, पिवळ्या, केशरी ठिपक्यांनी गच्च भरली होती. मुली हसून हसून बाकावर पडल्या.

"मावशी, तुम्ही धूत जाऊ नका हो. न धुता बऱ्या आहात."

"नळालाच लागण झाली असेल त्यांची."

मी पोछा पिळत होते. सगळ्यात मोठं हसू माझ्या मुलीच्या वाक्याला आलं. ती म्हणाली, "मावशींच्या तळहातावर गाव वसलंय. आता सरपंच तेवढा निवडायचा राहिलाय."

ते वाक्य दोन दिवस प्रदर्शनात फिरलं. माझी प्लेट सगळ्यांत पुढं मांडली होती, खाली कागदावर मराठीत 'सफाई कर्मचारी'. शाळेच्या मुलांच्या रांगा यायच्या. एका शाळेच्या बाईंनी पोरांना थांबवून सांगितलं, "बघा. म्हणून मी ओरडते." मी त्याच दालनात कोपऱ्यात केरसुणी घेऊन उभी होते. एका लहान मुलीनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं बघितलं, आणि मैत्रिणीला पलीकडं ओढलं.

घरी मी विचारलं, "तुला दिसलं हुतं ना?"

"दिसलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"सांगून काय उपयोग न्हाय," ती म्हणाली आणि पुस्तक उघडलं. एवढंच. मी पुढं विचारलं नाही. आमच्या घरात पुढचं विचारायची रीत नाही.

प्रदर्शन संपल्यावर मॅडमनी मला बोलावून गोड आवाजात सांगितलं, "मावशी, उद्यापासून चहाचं राहू द्या. कँटीनमधून येईल." तीन वर्षं अकराचा चहा मी करत होते. आलं घालून. तात्या खाली बघत राहिले.

तेवढ्यावर राहिलं असतं तर मी ते गिळलं असतं. चहा बंद झाल्यानंतरच्या शुक्रवारी मी जिन्याजवळ फरशी पुसत होते. मुली पायरीवर डबे उघडून बसल्या होत्या. माझ्या मुलीच्या डब्यात बाजरीची भाकरी, वांगं आणि शेंगदाण्याची चटणी. पहाटे उठून मी केलेली. एक मुलगी तिच्या डब्यातली भाकरी मोडून खात म्हणाली, "काय भाकरी आहे गं. आई करते तुझी?"

ती म्हणाली, "न्... नाही. आमच्याकडे एक बाई येते स्वयंपाकाला."

"मस्त हात आहे बाईचा."

मी तीन पायऱ्या खाली होते. तिनं मला बघितलं होतं. बोलायच्या आधी बघितलं होतं, हे मी देवाशपथ सांगते.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. तात्या कऱ्हाटीला भाचीच्या लग्नाला गेले होते. जाताना म्हणाले, "लाल बादली तेवढी मार आन जा घरी."

मी बादलीतल्या प्लेटा पिंजऱ्यात रचल्या. मग इनक्युबेटरचं दार उघडलं. त्या सहा प्लेटा वरच्या कप्प्यात होत्या. प्रत्येकीवर तिच्या हातचं बारीक इंग्रजी. मला वाचता येत नाही, पण तिचं अक्षर मी ओळखते. पाटीवर तिचा हात धरून पहिली रेघ मीच ओढायला शिकवली होती. त्या सहा प्लेटा मी बादलीतल्या प्लेटांवर ठेवल्या. मग फ्रिजकडं गेले. पुढच्या बाटल्या बाजूला केल्या, मागं हात घातला. दोरा सोडला नाही. तशीच मोळी उचलून घातली.

झाकण लावलं. स्क्रू समोरासमोरचे पिळले. काटा पंधरावर आला आणि मी स्टुलावर बसून घड्याळ बघायला लागले. उठून बंद करता आलं असतं. पहिल्या मिनिटाला तरी काही जिवंत राहिलं असेल, असं मला वाटलं होतं, आणि तसं वाटूनही मी बसले. वीस मिनिटं झाल्यावर अजून दोन दिली.

उघडलं तेव्हा सगळं पांढरं पातळ होऊन एकात एक मिसळलं होतं. गोल जागा कुठंच नव्हत्या. दोऱ्याचा रंग सुटून नळ्यांना गुलाबी लागला होता. मी सगळं ओतलं, धुतलं, शुद्ध पाण्यातून काढलं आणि उपडं वाळत घातलं. इतकं लख्ख मी कधी धुतलं नव्हतं.

रविवारी तिनं डोकं धुतलं. मी तिचे केस विंचरून दिले.

सोमवारी ती माझ्या आधी प्रयोगशाळेत पोचली होती. मी आत गेले तेव्हा इनक्युबेटरचं दार उघडं होतं, आणि मॅडम, तात्या आणि दहा-बारा मुली भोवती उभ्या होत्या.

"बादलीशिवाय कशाला हात लावलास?" तात्या माझ्यावर ओरडले. ते घाबरले होते.

"मला वाटलं त्याबी टाकायच्याच," मी म्हटलं. "वरचं इंग्रजी मला कुठं वाचता येतंय तात्या."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. "त्यांना काय कळणार," त्या म्हणाल्या. "चूक झाली." मग मुलीकडं वळून, "स्लांट आहेत ना? पुन्हा वाढव. आठ-दहा दिवस जातील, पण होईल."

ती फ्रिजकडं गेली. बाटल्या सरकवल्याचा आवाज आला, मग अजून सरकवल्याचा. ती परत आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. ती माझ्याकडं बघत होती.

"स्लांट नाहीत. प्लेटा चुकून गेल्या असतील. स्लांट चुकून कशा जातील? फ्रिजमध्ये मागे होत्या, दोरा बांधलेल्या. त्या टाकायच्या नसतात हे यांना माहीत आहे. मी स्वतः सांगितलंय."

"कधी सांगितलंस?" मॅडम म्हणाल्या.

"घरी."

"कुणाच्या घरी?" त्यांनी विचारलं.

मुलगी माझ्याकडं बघतच होती.

"आमच्या," ती म्हणाली. "ही माझी आई हाय. हिनं मुद्दाम केलंय."

तीन वर्षं त्या खोलीत मी तो शब्द कानात घालून बघितला होता. फरशी पुसताना, बोळे वळताना. तिनं तो कसा उच्चारला असता, हळू की मोठ्यानं, कुणासमोर. तो असा आला.

मॅडम माझ्याकडं वळल्या. "मावशी?"

आता मला काय बोलायचं ते कुणी शिकवायची गरज नव्हती. मी मान खाली घातली. मी लाजरी आहे, चारचौघांत माझा आवाज निघत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तो निघाला तेव्हा सगळे पुढं वाकून ऐकायला लागले.

"लेक माझीच हाय मॅडम. पण नळ्यांचं मला कायबी सांगितलं न्हाय तिनं. ती माझ्याशी बोलती कुठं? हितं तर वळखबी दावत न्हाय."

यातलं शेवटचं खरं होतं. त्याच्या जोरावर बाकीचं खपलं.

मग जिच्या तोंडी भाकरीची तारीफ होती ती मुलगी म्हणाली, "एक बाई येते म्हणालीस." दुसरी म्हणाली, "आणि स्वतःच्या आईचा हात धरून प्लेटवर लावलास तू? वर सरपंच?" त्या दिवशी सगळ्यात जास्त हसली होती ती हीच दुसरी. मॅडमचा चेहरा लाल झाला. ती प्लेट सगळ्यांत पुढं त्यांनीच मांडायला लावली होती. पण ते आता कुणाला आठवायला नको होतं, म्हणून त्या माझ्या मुलीवर जोरात बोलल्या.

"प्रकल्प परत होईल. हे नाही होणार. या बाई तुझ्यासाठी दुसऱ्यांची भांडी धुतात, आणि तू त्यांना ओळख दाखवत नाहीस? आणि वर त्यांच्यावर आळ घेतेस? माफी माग आईची. आत्ता. पाया पड."

मुलीनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. पिठावर रेघा ओढून प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबायची तशी ती थांबली. मला वेळ दिला तिनं. पुष्कळ दिला.

मी फरशीकडं बघत राहिले.

ती वाकली. तिची बोटं माझ्या पायाला लागली, गार होती. मी तिला दंडाला धरून उठवलं, आतल्या बाजूनं. आणि सगळ्यांच्या देखत पदर घेऊन तिचं तोंड पुसलं, डोळे, गाल, नाकाखाली, लहानपणी पुसायचे तसं. ती हलली नाही. तिनं फक्त श्वास धरून ठेवला. प्लेट उघडताना धरायला शिकवतात तसा.

तात्यांनी चष्मा काढला. एक-दोन मुली रडल्या. दुसऱ्या दिवसापासून अकराचा चहा पुन्हा माझ्या हातचा सुरू झाला, आणि मॅडम स्वतः कप धुऊन ठेवायला लागल्या.

त्या सोमवारी घरी आल्यावर तिनं विचारलं होतं, "का केलंस?"

"काय केलं?" मी म्हटलं.

ती आणखी दोनदा वेगवेगळ्या दिवशी विचारून गप्प झाली. घरात आम्ही दोघीच होतो, ऐकायला कुणी नव्हतं, तरी मी कबूल केलं नाही. पुन्हा माती आणून जंतू शोधायला वेळ उरला नव्हता. तिनं पुस्तकांतून वाचून एक प्रकल्प लिहून दिला आणि पास झाली. पुण्याला भाकरीची तारीफ करणारी मुलगी गेली. कॉलेजात माझ्या मुलीबरोबर कुणी डबा उघडून बसलं नाही. ती एकटीच खायची, झाकण अर्धं लावून. माझीच भाकरी.

आता ती इंदापूरला दूध तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला आहे आणि गावी वडिलांपाशी राहते. वडील स्थळं बघतात. मी जळोचीतच आहे, त्याच कामावर; ती सुट्टीच्या रविवारी माझ्याकडं येते.

मागच्या महिन्यात लिहायला कोरं पान शोधताना मला प्रदर्शनाच्या वेळची वही सापडली. इंग्रजी बाजूला पाच हातांचा तक्ता होता. समोरच्या कोऱ्या पानावर, माझ्या हाताच्या ओळीसमोर, पेन्सिलनं मराठीत लिहिलेलं होतं. घाईत लिहिलेलं, पण अक्षर तिचंच. 'हात धुतल्यानंतर पदराला पुसला. हा नमुना धरू नये. तक्त्यातून काढावा.' त्यावर लाल पेनानं आडवी रेघ होती आणि खाली मॅडमची सही. तारीख हात घेतल्याच्याच दिवसाची होती, प्लेटा उघडायच्या आधीची.

ते मी तिला सांगितलेलं नाही. सांगायचं तर आधी शनिवारचं सांगावं लागेल. त्याच पानावर, त्या ओळींच्या खाली, मी हे शेवटचं लिहिते आहे. जागा थोडीच उरली आहे.

काल ती आली होती. आल्या आल्या मोरीत जाऊन हात धुतले, बोटांच्या मधून, मनगटापर्यंत. मग हात वर धरून, कशालाही न लावता, वाळेपर्यंत दारात उभी राहिली. ती नेहमीच तशी उभी राहते. मी भाकरी थापत होते. मी पदर पुढं केला नाही.